नावेचा सेल्फ लागत नाही? आधी मीटर काढा, मग पाना

नर्मदाकाठी कर्नाळीच्या कुबेर भंडारीच्या देवळाला अमावस्येला किती गर्दी लोटते, ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी चांदोदच्या घाटावरून नावा उजाडायच्या आत सुटायला लागतात. अशाच एका अमावस्येला सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. पलीकडे नाववाला. "साहेब, सेल्फ लागतो नथी. खाली टक-टक बोले छे." म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, सेल्फ, लागत नाही, नुसतं टक-टक वाजतं.

मला घाम फुटला, कारण पंधराच दिवसांपूर्वी मी त्याच नावेचा सेल्फ उतरवून दांडिया बाजारातल्या दुकानात आणला होता. कार्बन (सेल्फच्या आत वीज पोचवणारे घासते ठोकळे) बदलले, बुश बदलले, बेंडिक्स (इंजिनात अडकणारं दातेरी चाक) धुऊन बसवलं. बॅटरी जुनी झालीय म्हणून नवी घ्यायला लावली. पैसे घेतले, चहा प्यालो, निघालो. आणि आता पुन्हा तेच टक-टक.

भाच्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि डभोईमार्गे चांदोद गाठलं. मी पुन्हा सेल्फचे बोल्ट सोडायला वाकलो, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, ही ॲक्सिलरेटरची केबल हाताला पोळतेय." ॲक्सिलरेटरची केबल! तिच्यातून वीज जायचं कामच नाही. पण जात होती. कुणीतरी इंजिन रंगवताना बॅटरीची निगेटिव केबल सोडली होती आणि परत लावताना ती इंजिनाच्या ब्लॉकवर न लावता खालच्या लोखंडी चौकटीवर लावली होती. इंजिन त्या चौकटीवर रबराच्या पायांवर बसलेलं. रबरातून वीज कशी जाणार? मग तिने आपली वाट शोधली: चौकट, लिव्हरचा स्टँड, केबलचं आवरण आणि तिथून इंजिन. बोटभर जाड केबलचं काम करंगळीएवढ्या आवरणावर पडलं होतं. माझे नवे कार्बन आणि त्याची नवी बॅटरी, दोन्ही उगाच.

त्या दिवसानंतर मी एक क्रम ठरवला आणि तो मोडत नाही. नवीन शिकणाऱ्यांसाठी, आणि स्वतःची नाव असलेल्यांसाठीही, तोच इथे लिहितोय. मी बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेलो नाही, काकांच्या दुकानात हात काळे करून शिकलोय. त्यामुळे शब्द कारागिरांचे आहेत. आकडे १२ व्होल्टच्या इंजिनाचे आहेत. तुमच्याकडे २४ व्होल्ट असेल तर व्होल्टचे आकडे दुप्पट धरा.

हत्यारं लावण्याआधी

प्रवासी खाली उतरवा. "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणून माणसं नावेत बसवून इंजिनाशी खेळू नका. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळकरी मुलांची नाव उलटून काय झालं ते या शहराने पाहिलंय. पाण्यावर काम करायचं तर स्वतःही जॅकेट घाला. नाव दोन दोरांनी बांधा आणि गिअर न्यूट्रलला आहे ना ते लिव्हरकडे बघून नाही, हलवून खात्री करा.

हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा पॉझिटिव आणि इंजिन यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते. बोट काढायला वेळ मिळत नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून इंजिन-बॅटरीवरचं झाकण उघडून आधी पाच मिनिटं वारा खेळू द्या. विडी तर लांबच ठेवा. केबल काढताना निगेटिव आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची.

आणखी एक गोष्ट, जी गाडीच्या मेकॅनिकला ठाऊक नसते. ज्या इंजिनात थंड करणारं पाणी पुढे सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं, तिथे सेल्फ पुन्हा पुन्हा मारला आणि इंजिन चालूच झालं नाही, तर पंप पाणी ढकलत राहतो. ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या फेऱ्याला कनेक्टिंग रॉड वाकतो. पंधराशे रुपयांचं काम लाखावर जातं ते असं. म्हणून अशा इंजिनावर तपासणी करताना पाण्याचा कॉक बंद ठेवा. फक्त चालू झाल्याबरोबर उघडायला विसरू नका, कारण पंपातलं रबराचं चक्र कोरडं फिरलं की जळतं. मी कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्या कॉकच्या मुठीलाच अडकवून ठेवतो. किल्ली हवी असेल तर कॉकपर्यंत हात जातोच.

वीज जाते कुठून

नावेतल्या स्टार्टिंगच्या विजेला दोन वाटा असतात. पहिली जाड. बॅटरीच्या पॉझिटिवमधून निघून कट-ऑफ स्विचमधून (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच) सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत, सेल्फमधून इंजिनाच्या अंगात, आणि ब्लॉकवरून जाड निगेटिव केबलने परत बॅटरीत. या वाटेने दीडशे-दोनशे ॲम्पियर सहज जातात, मोठ्या इंजिनाला त्याहून जास्त. दुसरी वाट बारीक. बॅटरीवरून फ्यूज, तिथून किल्ली, गिअरजवळचा न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच वाट जोडणारा) आणि शेवटी सेल्फच्या डोक्यावर बसलेल्या सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल. त्यावर बहुतेक वेळा ५० हा आकडा असतो, आणि बॅटरीची जाड केबल येते त्या नटावर ३०. बारीक वाटेने हुकूम येतो, सोलेनॉइड दोन कामं एकदम करतो: बेंडिक्सचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये ढकलतो आणि जाड वाट जोडून देतो.

ट्रकवर हात बसलेला माणूस इथे फसतो, मीही फसलो. ट्रकाला चासी असते. कुठेही नट कसला तरी निगेटिव मिळून जातो. नावेचं अंग लाकडाचं किंवा फायबरचं, त्यातून वीज जात नाही. निगेटिवची केबल थेट ब्लॉकवर, रंग खरवडून उघड्या धातूवरच लागली पाहिजे. आणि ॲल्युमिनियमच्या नावांत उलटा प्रकार आढळतो. तिथे काही इंजिनांत सेल्फला निगेटिवसाठीही वेगळी केबल असते, इंजिनाचं अंग मुद्दाम तोडलेलं असतं. तिथे "अर्थिंग चांगलं करतो" म्हणून अंगाला वायर जोडलीत तर नाव पाण्यात हळूहळू खाल्ली जाते. आधी बघा, मग जोडा.

आता मुख्य गोष्ट. जुन्या शहरातल्या घरात सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा तोटीवर बोट दाबून धरा. पाइप गंजाने अर्धा बुजलेला असला तरी बोटाला दाब पुरा जाणवतो. बोट काढलं की धार मात्र करंगळीएवढी. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा आपला मीटर, हे ते दाबून धरलेलं बोट. तो स्वतः वीज जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे केबलच्या शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो बिनधास्त १२.६ दाखवतो. तुम्ही म्हणता, "करंट तर येतोय." येत नसतो. किल्ली फिरवलेली असताना, सेल्फ वीज ओढत असतानाच जो आकडा दिसतो तोच खरा.

कान लावा

किल्ली फिरवा आणि ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

काहीच आवाज नाही, टिचकीसुद्धा नाही. म्हणजे हुकूम पोचलेला नाही, बारीक वाट तपासायची. फक्त आधी पॅनेलवरचा दिवा बघा. तोही लागत नसेल तर कट-ऑफ स्विच बंद आहे किंवा बॅटरीच्या खुंटावरचा केबलचा क्लँप सुटलाय. हसू नका, चांदोदपर्यंत जाऊन मी दोनदा फक्त स्विच फिरवून परत आलोय. पहिल्यांदा पैसे घेतले नाहीत. दुसऱ्यांदा पेट्रोलचे घेतले.

टक-टक-टक-टक, सुतारपक्ष्यासारखं. सोलेनॉइड ओढला जातो, जाड वाट जोडली जाते, सेल्फ वीज मागतो आणि व्होल्टेज इतकं कोसळतं की सोलेनॉइडलाच धरून राहता येत नाही. तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. अर्थ एकच: बॅटरी उतरलीय, किंवा जाड वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. यात सेल्फचा दोष क्वचित असतो, आणि लोक सगळ्यात आधी उतरवतात तो सेल्फच.

एकदाच जोरात ठक्क, मग शांतता. किल्ली धरून ठेवा आणि त्याच वेळी केबिनचा दिवा बघा. दिवा अगदी मंदावला तर सेल्फ वीज ओढतोय पण फिरत नाही: सेल्फ आतून जाम आहे, इंजिन जाम आहे, सिलिंडरमध्ये पाणी आहे किंवा पाण्यातल्या पंख्याला दोर गुंडाळलाय आणि गिअर अडकलाय. दिवा जसाच्या तसा राहिला तर वीज सेल्फमध्ये जातच नाही: सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपलेत.

घर्रर्र असा नुसता फिरण्याचा आवाज येतो, इंजिन मात्र हलत नाही. बेंडिक्स घसरतंय किंवा रिंगचे दाते त्या जागी झिजलेत. विजेचं दुखणं नव्हे, पुढे वाचायची गरज नाही.

इंजिन फिरतं, पण म्हाताऱ्या बैलासारखं. ही टक-टकचीच थोरली बहीण. तपासणी तीच.

बॅटरी

इंजिन बंद करून निदान दोन-तीन तास झाल्यावर, शक्य तर रात्र उलटल्यावर मोजा. १२.६ किंवा १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. लक्षात घ्या, भरलेली आणि रिकामी यांच्यात एका व्होल्टचाही फरक नाही. "बारा तर दाखवतोय ना" म्हणणाऱ्याच्या बॅटरीत पावशेरच उरलेलं असतं.

पण नुसत्या मोजणीवर जाऊ नका, तेही दाबलेलं बोटच आहे. आता इंजिन चालू होणार नाही अशी सोय करा: इंजिन बंद करायची ओढणी (ओढायची मूठ) ओढून धरा, किंवा स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा (कुठली, ते पुढे येतंय). मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा, क्लँपवर नाही, आणि दुसऱ्याला पाच-सहा सेकंद किल्ली मारायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. साडेनऊच्या खाली घसरला तर आधी बाहेर काढून नीट चार्ज करा आणि पुन्हा बघा. चार्ज करूनही घसरला तरच ती गेली म्हणा. पण उलट झालं, म्हणजे बॅटरी ११.५-१२ वर खुशाल आणि सेल्फ मात्र कण्हतोय, तर आनंद माना. बॅटरीचे पैसे वाचले. वीज वाटेत अडकलीय.

पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) घ्या. भरलेल्या बॅटरीत तो १.२५० च्या आसपास, थोडा मागेपुढे दाखवतो. कारागीर त्याला 'बाराशे पन्नास' म्हणतात. आकड्यापेक्षा सहाही घरांतला फरक बघा. पाच घरं १.२४० आणि सहावं १.१८० असेल तर ते घर मेलंय, कितीही चार्ज करा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर पाणी महिन्यातून दोनदा बघावं लागतं. डिस्टिल्डच घाला. नर्मदेचं पाणी पवित्र खरं, पण बॅटरीसाठी नाही.

खुंटांवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून टाका. फसफसू द्या, धुवा, पुसा. पाणी घरांत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने खुंट आणि क्लँपची आतली बाजू चकचकीत करा, घट्ट बसवा, आणि त्यावर व्हॅसलीन फासा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लँप, असं करू नका.

हरवलेले व्होल्ट शोधणं

हा या सगळ्या कामाचा गाभा, आणि याला दोन काड्यांपलीकडे काही लागत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एखाद्या वाटेच्या दोन टोकांना काड्या लावल्या आणि किल्ली मारली, की त्या वाटेत जेवढे व्होल्ट हरवतात तेवढे मीटर सांगतो. निरोगी वाटेत जवळजवळ काहीच हरवत नाही.

त्या अमावस्येच्या नावेचे आकडे माझ्या वहीत आहेत. बॅटरी विश्रांतीत १२.६. किल्ली मारल्यावर खुंटांवर १०.४, म्हणजे बॅटरी धडधाकट. त्याच वेळी सेल्फचा मोठा नट आणि सेल्फचं अंग यांच्यात फक्त ७.१. वाटेत ३.३ व्होल्ट गायब. कुठे? एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव खुंटावर, दुसरी सेल्फच्या मोठ्या नटावर, किल्ली मारली: ०.४. चालेल, या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. मग एक काडी निगेटिव खुंटावर, दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून: २.९. चोर सापडला. ०.४ आणि २.९ मिळून ३.३, हिशेब पुरा. निगेटिव बाजूला ०.३ च्या वर गेलं की मी थांबत नाही.

त्यानंतर चोराला कोपऱ्यात गाठायचं. एक काडी निगेटिव खुंटावर तशीच ठेवून दुसरी पुढे पुढे सरकवत जा: क्लँप, केबलच्या टोकाचं थिंबल, ज्यावर ते कसलंय तो बोल्ट, मग ब्लॉक. जिथे आकडा एकदम उडी मारतो, त्याच्या आधीचा सांधा खराब. आमच्याकडे चौकटीच्या बोल्टपर्यंत ०.१ होतं आणि ब्लॉकवर काडी टेकवताच २.८. चौकट आणि ब्लॉक यांच्यामध्ये ती बिचारी ॲक्सिलरेटरची केबल. निगेटिव केबल ब्लॉकवर, घासून पांढऱ्या केलेल्या जागी लावली आणि पुन्हा मोजलं: ०.२. इंजिन पहिल्याच फेऱ्याला उठलं.

हे काम मीटरच्या ओहमच्या (विजेच्या अडथळ्याच्या) खुणेवर करायला जाऊ नका. दीडशे ॲम्पियर जात असताना तीन व्होल्ट खाणारा सांधा म्हणजे ०.०२ ओहम. साधा मीटर काड्या एकमेकींना टेकवल्या तरी याच्यापेक्षा जास्त दाखवतो. मीटरच नसेल तर हात आहे. दहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एकेक सांधा चाचपा. दीडशे ॲम्पियर गुणिले तीन व्होल्ट म्हणजे साडेचारशे वॅट, छोट्या इस्त्रीएवढी आच त्या एका जागी. जो सांधा गरम, तोच गुन्हेगार. सेल्फ मात्र एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका आणि दोन दमांमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सगळंच गरम लागेल.

पॉझिटिव बाजूला हरवत असतील तर पहिला संशय कट-ऑफ स्विचवर घ्या. दोन बॅटऱ्यांचा फिरवायचा स्विच असेल तर जास्तच. बाहेरून नवाकोरा, आत कॉन्टॅक्ट काळे. त्यानंतर सोलेनॉइड: त्याच्या दोन मोठ्या नटांवर काड्या लावा. किल्ली न मारता १२ च्या आसपास दिसेल, ते बरोबर. मारल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट राहिला तर आतली तांब्याची चकती जळलीय.

आणि थिंबलच्या मानेवरचं रबर बोटाने दाबून बघा. आत कुरकुर लागली तर कापून उघडा. चांदोदला पाणी गोडं आहे म्हणून बरं. भरूचच्या खाली, खाडीच्या अंगाला चालणाऱ्या नावांत मी बाहेरून ठणठणीत दिसणारी केबल उघडली तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघालीय. ती घासून काही उपयोग नसतो, काळी झालेली तार कापून मागे जावं लागतं. नवी घेताना तारांवर कथलाचा मुलामा असलेली घ्या आणि थिंबल हातोडीने ठोकू नका, दाबयंत्राने दाबून घ्या. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत हे काम करून देणारे सहज सापडतात.

बारीक वाट

इथे मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, झालं. तो खरी वीज ओढतो, त्यामुळे एका तारेवर लटकलेली वायर त्याला फसवू शकत नाही. मिणमिणला तरी उत्तर मिळालं.

एक टोक इंजिनाच्या अंगाला, दुसरं सोलेनॉइडच्या ५० वर. कुणाला तरी किल्ली मारायला सांगा. बल्ब लख्ख लागला आणि सोलेनॉइड हलला नाही, तर दोष सोलेनॉइडचा. बल्ब लागला नाही, तर मागे मागे जा: न्यूट्रल स्विचच्या दोन्ही बाजू, किल्लीचं बाहेर जाणारं टर्मिनल, आत येणारं, फ्यूज. फ्यूज डोळ्यांनी बघून "चांगला आहे" म्हणू नका, दोन्ही टोकांना लॅम्प लावा. न्यूट्रल स्विचवर संशय असेल तर किल्ली धरून गिअरची लिव्हर किंचित मागेपुढे हलवा. एखाद्या जागी सेल्फ पकडला तर दुखणं तिथेच आहे. स्विच सरकलेला असतो, नीट बसवा. कायमचा जोडून टाकू नका. गिअरमध्ये असलेलं इंजिन घाटावर अचानक उठलं तर पुढे पायऱ्यांवर आंघोळ करणारी माणसं असतात.

नावेतला आणखी एक खास चोर: पॅनेलकडून इंजिनाकडे येणाऱ्या वायरींच्या मध्ये असलेला प्लास्टिकचा मोठा कनेक्टर. तो नेमका तळातल्या पाण्याच्या वर लोंबत असतो. ओढून उघडा, पिना हिरव्या झाल्यात का बघा, साफ करा, पुन्हा बसवा आणि उंचावर बांधा. "पाच वेळा बटण दाबलं की सहाव्यांदा लागतो" या तक्रारीचं मूळ बहुतेक इथे सापडतं. सोलेनॉइड पहिल्या झटक्याला तीस-चाळीस ॲम्पियर मागू शकतो आणि नाव लांब असली तर बारीक वायरीतच दोन-तीन व्होल्ट संपतात. सगळं साफ करूनही ५० वर किल्ली धरलेली असताना दहाच्या खाली दिसत असेल, तर इंजिनाजवळ एक रिले (थोड्या विजेवर मोठी वीज जोडणारा स्विच) बसवा. किल्ली फक्त रिले ओढेल, सोलेनॉइडला वीज जवळच्या जाड केबलवरून फ्यूज लावून मिळेल. स्वस्त उपाय आहे, आणि वर्षानुवर्षांची कटकट जाते.

सगळं सोडून थेट परीक्षा करायची तर ३० आणि ५० यांच्यामध्ये दाबायचं बटण असलेली जाड वायर लावा. बटण दाबताच सेल्फ फिरला तर सेल्फ निर्दोष, दुखणं बारीक वाटेत. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणग्या उडवणारे उस्ताद खूप आहेत, काकाही करायचे. तुम्ही करू नका. आणि या परीक्षेत न्यूट्रल स्विच बाजूला पडतो, तेव्हा गिअर पुन्हा एकदा हलवून बघा.

मग सेल्फ

सेल्फच्या मोठ्या नटावर किल्ली मारल्यावर साडेनऊ-दहा व्होल्ट पोचतायत, ५० वर हुकूम येतोय, आणि तरीही तो फिरत नाही, तरच सेल्फ उतरवा. लाकडी दांड्याने अंगावर हलकेच टकटक केल्यावर एकदा फिरला तर बहुधा कार्बन संपलेत असं समजा. ही युक्ती त्या दिवशी घरी पोचवते, दुसऱ्या दिवशी नाही. उतरवायच्या आधी निगेटिव काढा आणि वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या.

फिरतं, पण धरत नाही

सेल्फ झोकात फिरतोय आणि इंजिन उठत नाही, तर मामला बहुधा डिझेलचा किंवा हवेचा. पण आधी विजेची एक गोष्ट बघा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते बंद होतं ते डिझेल तोडून, आणि ते काम स्टॉप सोलेनॉइड करतो. काहींत वीज मिळाली की डिझेल सुरू होतं, काहींत वीज मिळाली की बंद. पहिल्या प्रकारात किल्ली 'ऑन' करताच पंपाजवळ टक ऐकू यायला हवं. नाही आलं तर तिथल्या वायरवर टेस्ट लॅम्प लावा. तपासणीच्या वेळी काढून ठेवायची ती हीच वायर. दुसऱ्या प्रकारात किंवा ओढणी असलेल्या इंजिनात ओढणीच बाहेर राहिलीय का बघा. स्वतःच ओढून ठेवलेली ओढणी विसरून अर्धा तास डिझेलची हवा काढणारा माणूस मी रोज आरशात बघतो.

हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) असलेली इंजिनं थंडीत कुरकुरतात. पौषातल्या सकाळी नदीवर गारठा असतो, तेव्हा हीटर दहा-पंधरा सेकंद द्या. प्रत्येक प्लगवरची पट्टी सोडवून, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिवला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला: लागला तर प्लग चांगला.

इंजिन उठल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसतंय ना ते बघा. १२.५ वरच अडलंय तर उद्या सकाळी पुन्हा हाच लेख उघडायचा आहे. पट्टा ढिला असेल, किंवा पॅनेलवरचा चार्जिंगचा दिवा उडालाय. बॅटरी भरणाऱ्या बऱ्याच अल्टरनेटरना जागं व्हायला त्या दिव्यातूनच पहिली वीज मिळते. इंजिन चालू असताना कट-ऑफ स्विच मात्र चुकूनही फिरवू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

मधल्या धारेत अडकलात तर

नांगर टाका, मग विचार करा. धरणातून पाणी सोडलेलं असलं तर धार तुम्हाला वाट बघू देत नाही. पंखे, दिवे, गाण्याचा डबा, सगळं बंद. क्लँप हाताने पिळून बघा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर असेल तर ती उचलून सेल्फ मारा आणि इंजिन वेगात फिरायला लागलं की सोडा. हँडल असेल तर अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवून धरा, हँडल उलटं फिरलं तर मनगट वाचतं. दुसऱ्या नावेतली बॅटरी जोडायची तर पॉझिटिवला पॉझिटिव, आणि निगेटिवची केबल शेवटी इंजिनाच्या ब्लॉकवर, बॅटरीपासून लांब.

नावेत एक पत्र्याचा डबा ठेवा. त्यात मीटर, टेस्ट लॅम्प, दोन फ्यूज, दहा, तेरा आणि सतराचा पाना, पॉलिश पेपर, व्हॅसलीनची डबी, हातभर जाड केबल थिंबल दाबून तयार केलेली. मीटरमध्ये सेल आहे का तेही बघत जा.

त्या नाववाल्याला मी सेल्फचे पैसे परत केले, अर्धे त्याने परत माझ्या खिशात कोंबले. त्याच्या इंजिनाच्या झाकणावर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात 'नर्मदे हर' लिहिलेलं होतं. त्याच्या खाली मी ब्रशने तारीख आणि आकडे लिहिले: विश्रांतीत १२.६, किल्लीवर १०.४, पॉझिटिव ०.४, निगेटिव ०.२. आता दर पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तो स्वतः मोजतो आणि खाली एक ओळ वाढवतो. गेल्या वेळी पॉझिटिवचा आकडा ०.७ झाला तेव्हा फोन करून म्हणाला, "साहेब, स्वीच बदली नाख्यो." म्हणजे कट-ऑफ स्विच त्यानेच बदलून टाकला होता. मी जायची गरजच पडली नाही.